चौथी वारस

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. नाशिकच्या तहसील कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहिणारा मनुष्य फक्त कागदावर विश्वास ठेवतो. सबब, "व्हायरस असेल हो" असे सांगणाऱ्या विद्वानांनी पुढील हकीकत आधी शेवटपर्यंत वाचावी, मग तोंड उघडावे.

सन २००३. माझी भाची स्वाती कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी वारसनोंदीचे अर्ज छापणारा प्रोग्रॅम तिने मला लिहून दिला. मी नावे टाकायची, अर्ज तयार.

दुसऱ्याच दिवशी पंचवटीच्या एक विधवा बाई कागद नाचवीत आल्या. "अहो भाऊसाहेब, माझ्या नवऱ्याला ही दोन पोरं कुठून चिकटवलीत? जिवंत असता तर जाब तरी विचारला असता!"

भर रस्त्यात लोक हसले. माझ्यासारख्या जाणकाराचा हा अपमान! मी स्वातीला बोलावून घेतले.

"मामा, तुम्ही जुना अर्ज समोर ठेवून नवा लिहिता ना, तसंच मी केलं. जुन्या ऑब्जेक्टची, म्हणजे मागच्या भरलेल्या साच्याची, कॉपी केली. पण वारसांची यादी वेगळी झालीच नाही, दोघांत एकच राहिली. म्हणून मागच्या गिऱ्हाइकाची पोरं बाईंच्या अर्जात आली. नेहमीची चूक आहे."

"नेहमीची आहे, तर केलीस कशाला?"

तिने प्रत्येक अर्जाला स्वतंत्र यादी दिली. त्यानंतर आठवडाभर एकही चूक झाली नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

मग एका दुपारी सिन्नरकडचा एक गृहस्थ आला. वडील वारलेले, जमिनीला वारस लावायचे होते.

"आम्ही तीन भाऊ, भाऊसाहेब. दुसरं कुनी नाय."

मी माझ्या हाताने तीन नावे टाकली. छापून आली चार! चौथे... चांगुणा, मुलगी.

स्वाती शेजारीच बसली होती. मी खेकसलो, "आता ही कोणाची पोर घुसवलीस?"

तिने मागचे सर्व अर्ज तपासले. चांगुणा हे नाव एकातही नव्हते. यादी मोजली - तीन. पुन्हा छापली - चार. तिचा आवाज बारीक झाला.

"मामा, चौथ्या वारसाचा ऑब्जेक्ट मी तयारच केलेला नाही. जो नाहीच, त्याला नाव विचारलं तर प्रोग्रॅम एरर देऊन बंद पडतो. हा बंद पडत नाहीये... नाव सांगतोय."

मी गिऱ्हाइकाकडे वळलो. "ही चांगुणा कोण?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमाला कुनी सांगितलं?"

"मी विचारतोय ते बोल!"

"बहीन हाय. लगीन करून दिली तिला. आता तिचं हितं काय राह्यलं? काढा ते नाव."

स्वाती हळूच म्हणाली, "चौथं नाव आलं की गिळून टाक, असं प्रोग्रॅमला सांगता येतं. लोक करतात तसं. पण मामा, त्यानं चूक जात नाही, नुसती दिसेनाशी होते."

"काही गिळायचं नाही!" मी ओरडलो. "बहिणीचाही हक्क असतो. दुसरा वारस नाही अशी खोटी प्रतिज्ञा मी लिहिणार नाही. चार नावांवर सही करायची तर कर, नाहीतर ऊठ!"

तो उठला. पलीकडच्या टेबलावर गेला. तिथल्या टाइपरायटरवर पाव तासात तीन वारसांचा अर्ज तयार झाला. त्या यंत्राला कसलीही एरर आली नाही.

मी संतापाने त्याच दिवशी तलाठ्याकडे हरकत लिहून पाठवली. ती परत आली - हरकतदाराची सही नाही. चांगुणाची सही आणायची कोठून? तिचे सासर कोठे, हे त्या भावाने सांगितले नव्हते. आणि त्याच्या गावी पत्र टाकावे, तर ते त्याच्याच हाती पडणार. नोंद तीन नावांनी मंजूर झाली.

स्वाती आता अंबडला एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. तिने तो प्रोग्रॅम ओळन् ओळ पुन्हा वाचला. त्यात चूक सापडली नाही. परंतु ते नाव ज्या कोणी त्या कागदावर उमटवले, त्याला माझा रोखठोक सवाल आहे : बाईचे नाव माहीत होते, तर पुढे तिच्या सासरचे गाव लिहायला काय झाले होते?