इंदुताईंच्या पापडावरची राख

कोराडीच्या वसाहतीत इंदुताईंनी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, ओट्यावर सतरंजी टाकून. 'नेव्हर'सारखा शब्द जोर द्यायला वाक्याच्या तोंडाशी आणला, की हॅव, डिड ही मंडळी कर्त्याच्या पुढे उडी मारतात. हे त्या पुस्तकातून सांगत नसत.

"सासू चिडली की काय म्हणते? 'पाहिली नाही मी अशी सून!' जे खुपते ते आधी. इंग्रज बी तसाच चिडते."

उदाहरणंही घरचीच. 'नेव्हर हॅव माय पापड्स ड्राइड विदाउट ॲश.' एकदाही वाळले नाहीत माझे पापड राखेवाचून! वीज केंद्राची राख गच्चीवर कशी उतरते, हे तिथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नसे.

मार्चमध्ये शहरातल्या एका क्लासच्या मालकांनी, भैयाजींनी, त्यांना नोकरीसाठी बोलावलं. त्यांची उदाहरणांची वही आठवडाभर ठेवून घेतली आणि फोन केला, "मॅडम, भाषा जरा गावठी वाटते तुमची. मले-तुले आपल्याकडे चालत नाही."

इंदुताईंनी ते गिळलं. पण जूनमध्ये त्याच क्लासला जाणारी शेजारची दामिनी तिथल्या छापील नोट्स घेऊन धावत आली.

"काकू, हे पाहा! तुमचेच पापड!"

पान सतरा. राखेसकट. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत: लेखक, भैयाजी. इंदुताईंचे कान तापले. बाई गावठी, आणि तिचे पापड तेवढे शहरी?

दुसऱ्या दिवशी बसने त्या थेट क्लासवर गेल्या. पालकसभा भरलेली, मागे पोरंही बसलेली. भैयाजी माईकवर.

"मॅडम, नंतर भेटू."

"नंतर नाही. एक शंका आहे, आधी सांगा. सतराव्या पानावरच्या पापडाले राख कुठून लागली?"

भैयाजींनी पान उघडलं, चष्मा पुसला. "ती... चुलीची असेल."

मागच्या बाकावरची कोराडीची पोरं फिसकन हसली. त्यांच्यातली दामिनी उभीच राहिली. "चुलीची काहून राहीन, सर? आमच्या गच्चीवर येऊन पाहा!"

सभा कुजबुजू लागली.

"माझी भाषा तुम्हाले चालत नाही," इंदुताई म्हणाल्या, "मंग माझी वही काहून चालली?"

"पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव टाकतो ना, मॅडम."

"तुम्ही कायले? मीच टाकते."

दामिनीचा पेन घेऊन त्या पहिल्या बाकावर बसल्या. पोरं आपापल्या नोट्स घेऊन रांगेत उभी राहिली. इंदुताईंनी त्यांना थांबवलं आणि हात पुढे केला.

"आधी भैयाजींची प्रत आणा."