मस्कत, तीन तास

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी यजमान मस्कतला गेले. घरातले हातमाग बंद पडत चालले होते. त्यांना वेल्डिंग येत होतं आणि तिकडे त्या कामाला माणसं हवी होती. नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या घरात सासूबाई आणि मी, दोघीच उरलो.

जाण्याआधी त्यांनी माझी समजूत घातली. नागपूरहून मुंबईला जायला गाडीत अख्खी रात्र जाते. मुंबईहून मस्कत मात्र विमानानं फार तर तीन तास. "भुसावळले गेलो असंच समज," म्हणाले. मी तसंच समजत राहिले. शेजारणींनाही तेच सांगायची, आणि सांगताना आवाज उगाच मोठा व्हायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाईंना कावीळ झाली. मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तारघरात जाऊन तार केली. घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, तार पोचली की निघतील, तीन तासांचं तर विमान आहे. त्यांनी खाट पुढच्या खोलीत घ्यायला लावली. गल्लीत रिक्षा थांबली की डोळे उघडून दाराकडे बघायच्या. मीही हातातलं काम सोडून बाहेर यायची. रिक्षा दुसऱ्याच कुणाकडे आलेली असायची. पुढं पुढं त्यांनी बघणं सोडलं. आठवड्याच्या आत त्या गेल्या. चुलतदिरानं अग्नी दिला.

यजमान आले ते दहाव्याच्या आदल्या दिवशी. भेटायला आलेल्या बायका उठून गेल्यावर मी विचारलं, "तीन तासच लागतात म्हणले होते ना तुम्ही?"

ते बॅगेचा पट्टा सोडवायला लागले. मग खाली बघूनच म्हणाले, "विमानाले तेवढेच लागतात वं. पासपोर्ट मालकाजवळ राहते. त्यानं देईपर्यंत मी तिथंच बसून होतो."

मला राग नाही आला. फक्त, ते किती लांब राहतात हे तेव्हा कळलं. तेरावं आटोपून ते परत गेले आणि घरात मी एकटी राहिले. दिवसभर रेडिओ सुरू ठेवायची. काय लागलंय याकडे लक्ष नसे. माणसाचा आवाज हवा असायचा. कधी बाजारात भाजीवालीशी बोलताना लक्षात यायचं, आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ऐंशी सालानंतर कधीतरी ते कायमचे परत आले. पहिल्या सकाळी मला जाग आली तर अंथरूण रिकामं. स्वयंपाकघरात गेले. त्यांनी आपल्यापुरता चहा केला होता, उभ्यानंच पिऊन झाला होता, आणि कप विसळत होते. मला बघून ओशाळले.

"तुले विचारावं हे ध्यानातच नाही आलं," म्हणाले.

असू द्या, म्हटलं, आणि माझ्यापुरता चहा ठेवला.