भामाच्या खोलीचं दार

कमळाकर म्हात्रेंनी पनवेलजवळच्या आपल्या गावातलं घर ऐन उमेदीत बांधलं होतं. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर घेऊन जायचं, परत आलं की विटा वाहायच्या. त्यामुळे त्या घराला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नळ गळो की कौल फुटो, "आमी हाव ना!" म्हणत ते स्वतःच उभे राहायचे.

गेल्या वर्षी बायकोला, भामाला, अर्धांगाचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं. कळंबोलीला दिलेल्या मुलीनं, निशानं, चाकाची खुर्ची आणून दिली. पण ती भामाच्या खोलीच्या दारातून जाईना. मग रोज कमळाकर भामाला उचलून आडवं-तिडवं करत बाहेर आणायचे आणि ती लाजेनं डोळे मिटून घ्यायची.

गावातला गवंडी बाळाराम येऊन बघून गेला. "दार रुंद करू, पण आधी वरच्या भाराला टेकू. हातातलं काम आटपून येतो. तुमी घाई करू नका, कमळाकरदादा."

कमळाकरांना धीर धरवला नाही. एके दुपारी भामा जेवून पडली होती. धूळ पडू नये म्हणून तिच्या पलंगावर चादर बांधून त्यांनी चौकट उपटली आणि छन्नी लावली. विटा भराभर सुटत गेल्या. दारावरचं लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी सिमेंटची आडवी पट्टी, ज्या विटांवर टेकलं होतं, त्याही निघाल्या, आणि कर्रकन आवाज झाला. लिंटेलचं एक टोक खचलं. वरच्या भिंतीत तडा सरसर चढत गेला.

अंगणातली लाकडी बल्ली ओढून कमळाकरांनी लिंटेलखाली उभी केली. ती आखूड पडली. पायानं विटा सरकवून त्यांनी तिच्या बुडाखाली सारल्या आणि बल्ली दोन्ही हातांनी कवटाळून धरली. हात काढला की ती निसटणार हे स्पष्ट होतं. खोलीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला लोखंडी गज होते.

"काय झाला?" आतून भामाचा आवाज आला.

"भामे, बाहेर ये."

"मना कसा येता येल?"

"मना हात सोडता येत नाय गं!" त्यांचा आवाज फाटला. "सखूबाई! ओ सखूबाई!"

शेजारची सखूबाई धावत आली, तिनं वर बघितलं आणि तशीच बाळारामला आणायला पळाली.

वरून गिलाव्याचा पोपडा सुटून कमळाकरांच्या खांद्यावर आदळला. आत धप्प आवाज आला. भामा पलंगावरून खाली घसरली होती. मग जमिनीवर साडी घासल्याचा आवाज. उजव्या हातानं रेटत, बसल्या-बसल्या ती पुढं सरकत होती. दारापर्यंत आली आणि थांबली. मध्ये विटांचा ढीग होता.

"थांब, मी..." म्हणत कमळाकर हलले, तशी बल्ली बोटभर सरकली आणि वर कडकड झाली.

"माझ्याकडं बघू नका!" भामा ओरडली. झटक्यानंतर तिचा एवढा मोठा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. "वरती बघा!"

ते वर बघत राहिले. तडा आता बोट जाईल एवढा झाला होता. खाली एक वीट सरकली, मग दुसरी. भामा धापा टाकत होती. त्यांच्या पायाला तिचा खांदा लागला, मग कंबर, मग लुळा पाय ओढत गेला. घामानं तळवे निसटत होते, तरी त्यांनी मान खाली केली नाही.

"आली मी," मागून ती म्हणाली.

तेवढ्यात बाळाराम दोन माणसं आणि लोखंडी टेकू घेऊन पोचला. त्यांनी दोन्ही बाजूंनी टेकू लावून आवळले. "सोडा आता, दादा," बाळाराम म्हणाला; पण कमळाकरांची बोटं उघडेनात. त्यानंच ती एकेक सोडवली. मग मात्र त्याला राग आवरेना. "वैनी आत असताना? अक्कल गहाण ठेवली व्हती काय?"

कमळाकर मागं वळले. अंगणात भामा विटकरी धुळीनं माखून बसली होती, कोपर सोललं होतं. ते तिच्याजवळ गेले, वाकले आणि सवयीनं तिच्या काखेत हात घातला.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "खुर्ची आणा. मी बघते."

बाळारामनं नवं लिंटेल टाकून दार रुंद केलं, तेव्हा कमळाकरांनी फक्त पाणी मारायचं काम केलं. आता भामा सकाळी पलंगाची कड धरून स्वतः खुर्चीत बसते. त्याला फार वेळ लागतो. कधी तोल जातो, ती परत पलंगावर आपटते, पुन्हा उठते. कमळाकर बाजूला उभे असतात. त्यांचे हात शिवशिवतात; पण तिनं हाक मारल्याशिवाय ते पुढं होत नाहीत.