पहिल्या चिकाच्या कैवारी सुभद्राताई

सुईण सुभद्राताई साठ वर्षांच्या होत आहेत. गेली बारा वर्षे मी त्यांच्या हाताखाली आहे, पण आमची ओळख झाली तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. माझा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला होता. आता मुलगी झाली होती, आणि गांधीबागेजवळचे आमचे घर भेदरून गेले होते.

सासूबाई रिवाजाप्रमाणे माझे पहिले पिवळे दूध, म्हणजे चीक, पिळून टाकत आणि बाळाला कापसाच्या बोळ्याने गुळाचे पाणी देत. दुसऱ्या दिवशी बाळाचा आवाज बसू लागला, तेव्हा शेजारणीने ताईंना आणले.

ताईंनी वाटीतला चीक पाहिला. "काहून फेकून राहिल्या, माय?"

लेकराला तो जड पडतो, असे सासूबाई म्हणाल्या. त्या नरखेडकडच्या शेतकऱ्याची लेक. ताईंनी विचारले, "गाय व्याली का वासराले पहिले काय पाजता?"

"चीक," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी खाली ठेवली.

ताईंनी त्यांना उणे बोलून दाखवले नाही. उलट माझ्या पाठीला आधार द्यायला त्यांनाच बसवले. बाळाचे पोट माझ्या पोटाशी लावले, त्याने मोठा आ करेपर्यंत वाट पाहिली आणि मगच त्याला छातीशी घेतले. चारदा सुटले. मी रडत होते. दोन तास ताई हलल्या नाहीत, चहाही घेतला नाही. शेवटी बाळाने घोट घेतला, तो आवाज सर्वांत आधी सासूबाईंनी ऐकला. ती मुलगी आज माझ्या खांद्याला लागते.

ताई तशा तिखट. बाळंतिणीला उपाशी ठेवले असेल, तर त्या स्वतः चुलीपुढे बसतात. मग अडवायची कोणाची टाप नाही. यंदा लढाईपायी विलायती डब्याचे दूध मिळेनासे झाले, तेव्हा एरवी त्यांना मागच्या दाराने आत घेणाऱ्या बंगल्यांनी टांगे पाठवले. ताई कुठेही तोऱ्यात बोलल्या नाहीत.

मासिकाच्या या अंकात त्यांच्याविषयी काय लिहू, असे मी विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "लिहायचंच असंन तं हे लिही वं. माह्या पोरीचा चीक म्या माह्याच हातानं फेकला. थे राहिली नाही. तवा मले सांगणारं कोणी नव्हतं."

ताई, आपल्याला निरोगी शंभर वर्षे लाभोत. या नागपुरात अजून पुष्कळ घरांत सांगणारं कोणी नाही.