वारं कोण बघनार?

काल संध्याकाळी शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं आणि तो गोडसर, घशाला लागणारा धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. खिडकी लावायला उठले आणि तशीच उभी राहिले. शालनमावशी आठवल्या.

तेव्हा मी फलटणजवळच्या एका गावात विज्ञान शिकवत होते. देशानं अणुबाँबची चाचणी घेतली म्हणून सरपंचांनी देवळापुढं पेढे वाटले आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं. मला चेवच चढला. "बाँबची भीती अडाण्यांना वाटते," असं मी ठणकावून सांगितलं.

मागून शालनमावशी उठल्या. त्यांचा थोरला सैन्यात होता, सीमेवर.

"आवं बाई, पाचट पेटवायच्या आदी आमी चिमूटभर माती उडवून वारं बघतो. न्हाईतर शेजाऱ्याचा ऊस जळतो, आन् आपलाबी. ह्यो बाँब टाकताना वारं कोण बघनार?"

"सरकार बघेल की, मावशी! त्यांना काय पाचट पेटवायचंय?"

सगळे खो खो हसले. मावशी "व्हय, आसंल," म्हणून खाली बसल्या. जाताना हातातला पेढा त्यांनी गुपचूप खोक्यात परत ठेवला. मी ते पाहिलं.

वर्गात कुणाच्या प्रश्नाला पोरं हसली, तर जो पहिला हसला त्याला मी बाकावर उभं करायची.

त्या दिवशी देवळापुढं पहिली हसले ती मीच.