कार्टून होण्याआधीचे विलासभाऊ

फासा टाकण्याआधी विलासभाऊ तो मुठीत धरून कानाशी नेत. डोळे मिटून क्षणभर ऐकत, मग पोत्यावर आडव्या टाकलेल्या पाटावर सोडून देत. वीस बाजूंचा, निळा, काचेसारखा फासा. तो गरगरत थांबेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो.

अमडापुरात त्यांच्या वडिलांचं कृषी केंद्र होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. पुण्यातली नोकरी सोडून ते गावी परतले तेव्हा तिशी ओलांडलेले होते. एकदा ड्रॅगनचं चित्र घेऊन माझ्याकडे आले आणि गंभीरपणे म्हणाले, "प्रज्ञाताई, याले लॅमिनेशन करून द्या. पन शेपूट कटू देऊ नका, जहर तिच्यातच हाय." मी हसले नाही. बहुतेक त्यामुळेच त्यांनी मला रविवारी खेळायला बोलावलं.

खतांच्या गोदामाच्या माळ्यावर हा खेळ चाले. विलासभाऊ गोष्ट सांगत, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवणार. खेळायला मी, पॉलिटेक्निक करून घरी बसलेला सागर आणि त्याचा चुलतभाऊ. मी बाई माणूस, म्हणून विलासभाऊ माळ्याचं दार सताड उघडं ठेवत. खाली युरियाच्या पोत्यासाठी आरडाओरडा सुरू झाला की ते वरून दटावत, "हळू बोला बे, राक्षस जेवून राह्यला!"

ते प्रेमळ वगैरे नव्हते. एका कागदावर नोंदी करत कित्येक महिने जपलेली माझी खेळातली तिरंदाज बाई एका रविवारी पडक्या पुलावर चढली आणि माझ्या हातून फाशावर एक पडला. "मेली," ते म्हणाले. "फाडा कागद." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सागर म्हणाला, "दादा, एक डाव परत टाकू द्या ना तिले." विलासभाऊंनी मान हलवली. "फाश्याले मया नसते, ताई. म्हनून त्याच्यावर भरोसा ठेवता येते. मानसाचं काय सांगावं!"

सागरचा हात चित्रात चांगला होता. त्यानं मोबाईलवर वऱ्हाडी बोलीतली विनोदी कार्टून करायला घेतली. सुरुवातीची कुणी पाहिली नाहीत. मग त्यानं 'फाशा बाबा' काढला. ढेरपोट्या, जाड भिंगांचा चष्मा, मळका बनियन, हातात प्लास्टिकची तलवार. फरसाणाचे हात तलवारीला पुसणारा. खालून आई विलासचं इल्या करून ओरडते, "इल्या, दळन आनलं का?" आणि हा म्हणतो, "हळू बोल, राक्षस जेवून राह्यला!"

खरे विलासभाऊ काडीसारखे होते; चष्मा त्यांना कधी नव्हताच. असले खेळ खेळणारा माणूस लठ्ठ, बावळट आणि आईच्या पदराआड राहणारा असतो, हे सागर परदेशी कार्टूनं पाहून शिकला होता. देह तिकडून घेतला, आवाज आणि मूठ विलासभाऊंची. मी तर त्यात नव्हतेच. एका भागात एक मुलगी पत्ता विचारायला माळ्यावर येते आणि सगळे खेळगडी बेशुद्ध पडतात, एवढीच काय ती बाई.

विलासभाऊंनी पहिला भाग माझ्याच दुकानात पाहिला. "मूठ बरोबर धरली पोट्ट्यानं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पन फासा सहा बाजूचा काढला. वीस काढाचा कंटाळा आला असन." सागरला ते काही बोलले नाहीत. पण रविवारी माळ्यावर बोललेलं त्याच आठवड्यात कार्टूनमध्ये ऐकू यायला लागलं, तसे ते गोष्ट सांगताना अडखळू लागले. रंगात येऊन हात उंचावायचे आणि मध्येच खाली घ्यायचे. सागर पालथा मोबाईल जवळ सरकवून विचारायचा, "दादा, काऊन काई बोलून नाई राह्यले आज?" एका रविवारी त्यांनी माळ्याला कुलूप घातलं.

मग डोणगावची मुलगी पाहायला गेले. पोहे झाल्यावर मुलीचा भाऊ म्हणाला, "ते कार्टूनवाले तुमीच ना? एकदा तो आवाज काढून दाखवा न भाऊ." सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. विलासभाऊंनी ताटातली सुपारी उचलली, मुठीत धरून कानाशी नेली आणि आवाज काढला. मुलगीसुद्धा हसली. दोन दिवसांनी निरोप आला. त्यांच्या आईनं मला तो जसाच्या तसा सांगितला, "पोरगा चांगला हाय, पन बारातीत लोकं हसतीन."

पुढे लोक कंटाळले, तेव्हा सागरनं एका भागात फाशा बाबाला मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. विलासभाऊंचा खरा फोटो, त्याला छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल : समस्त फासा मित्रमंडळ'. दुपारी वरवट बकालहून त्यांची मावशी सहज भेटायला आली. बसमधून उतरली, फोटो पाहिला आणि तिथेच मातीत बसून ऊर बडवू लागली. पोरं मोबाईल धरून उभी होती. मी धावत गेले, तिला धरून कृषी केंद्रापाशी आणलं.

विलासभाऊ काउंटरमागून बाहेर आले. मावशीनं दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला. "हायेस ना रे तू?"

"हाव मावशी. हाये."

तिनं फाडकन त्यांच्या थोबाडीत मारली. "मंग लोकायले असं करू काऊन देतं?" गल्ल्यावरून वडील म्हणाले, "आनखी एक मार त्याले."

संध्याकाळी मी सागरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "बॅनर मी नाई लावलं, ताई. मी त कार्टून काढतो. आन नाव त झालं ना त्यायचं? पयले कोन ओळखे?"

त्या महिन्यात विलासभाऊ गाव सोडून गेले. नंबरही बदलला.

गेल्या हिवाळ्यात ते मला खामगावच्या बसस्टँडवर दिसले. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर बियाणं कंपनीची बॅग, सोबत दोन सहकारी. मी आनंदानं हाक मारली. ते वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ओळखीच्या का?" एकानं विचारलं.

"गावाकडच्या आहेत. यांच्याकडे झेरॉक्स काढायचो," विलासभाऊ म्हणाले. स्वच्छ पुणेरी मराठी. "बरंय ना ताई?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्याच्या मोबाईलवर काहीतरी चालू होतं. त्यानं तो माझ्यापुढे धरला. "तुमच्या भागातलंच आहे ताई, फाशा बाबा. पाहिलंय का?"

विलासभाऊ माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

मग त्यानं ते सुरुवातीपासून लावलं. माझी बस लागली होती, तरी संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले. माझ्या शेजारी विलासभाऊ सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत होते.