पाचव्या चुलीची भाकर

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. असले अनुभव लिहिणारे बहुतेक मुळातच भाविक असतात, मी नव्हतो. संस्थानच्या हद्दीपलीकडून, नगरहून, पत्रकं छापून आणायची आणि बेगारीविरुद्ध गावोगाव वाटायची, हा माझा उद्योग. सरकारी दौरा आला की बैल, गाड्या, माणसं फुकट ओढून न्यायची आणि गावानं वर मुजरा करायचा, हे ज्या मुलखात बारा महिने चालतं तिथं देव नेमकं काय करतो, असं मी एका पत्रकात विचारलं होतं. तो प्रश्न मी मागं घेतलेला नाही. तरी हे लिहितो आहे, कारण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

माझ्या आक्काची आधीची दोन्ही लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरं जगावं म्हणून त्याचं नाव दगडू ठेवलं, नाक टोचलं, आणि आंबेजोगाईच्या योगाईला ती नवस बोलली: पहिल्या वाढदिवसाला पाच परक्या चुलींवरचं मागून लेकराच्या तोंडात घालीन, मग तुझ्या पायाशी जावळ काढीन. आमच्याकडं अशा लेकराला मागूनच खाऊ घालतात, आणि त्यात घरची चूल धरत नाहीत. लेकरू एकट्या आईचं राहिलं नाही, चार घरांचं झालं, की त्याला कुणाची नजर लागत नाही असा समज. जावळाला मामाची मांडी लागते. म्हणून मी गाडीत होतो, नाहीतर कशाला जातो.

उमापूरहून छपराची गाडी निघाली. पुढं दाजी कासरा धरून. आत आक्का, तिची सासू, दगडू, तवा, पिठाचा डबा, घोंगड्या. दुपारी झाडाखाली तीन दगड मांडून भाकरी, संध्याकाळी विहिरीजवळ मुक्काम. दगडू चाकांच्या तालावर मान हलवायचा आणि सगळे हसायचो. दिंद्रुडच्या पुढं एका ओढ्याकाठी गाडी सोडली, आणि तिथंच घात झाला. पलीकडच्या आमराईत एका बड्या साहेबाचा डेरा पडला होता. संध्याकाळच्या आत चपराशी येऊन आमचे बैल सोडून घेऊन गेला. आमच्या आधी थांबलेल्या तीन गाडीवाल्यांचेही तसेच गेले होते. साहेब कोण, तर कपाळाला गंध लावणारा, आणि दौरा कसला, तर बायकापोरांना घेऊन योगाईच्या दर्शनाला निघालेला. आम्हीही तिलाच निघालो होतो. देवीचा रस्ता एकच, बैल मात्र आमचे.

बैलांवाचून तिथंच अडकलो आणि वाढदिवस ओढ्याकाठीच उजाडला. आक्का म्हणाली, "जावळ मागनं काढू. पाच चुलींचं मात्र आजच, दिवेलागणीच्या आत. न्हाईतर लेकरू माझं न्हाई." तिला मी काय तर्कशास्त्र सांगणार होतो?

तीन गाडीवाल्यांच्या तीन चुलींवरचं मिळालं. मग ती दगडूला कडेवर घेऊन जवळच्या वाडीत गेली. मीही गेलो. सगळ्या दारांना कड्या. दौरा आला की लोक रानात पळतात आणि घरात चूल पेटवत नाहीत, कारण चपराशी धूर बघून माणसं हुडकतात. भर दिवसा अख्खी वाडी गार. पळता येत नाही म्हणून मागं राहिलेल्या एका म्हातारीनं दार किलकिलं केलं आणि शेगडीवरची पेज वाटीत घातली. ती चौथी. पाचवी कुठंच नव्हती.

माझं डोकं फिरलं. तसाच आमराईत गेलो आणि बैल नेणाऱ्या त्या चपराशाला गाठलं. पत्रकातलं सगळं तोंडपाठ होतं; कायदा, रयतेचा हक्क, सगळं त्याच्या अंगावर फेकलं. तो म्हणाला, "कायदा साहेबाला सांग बे. मी चपराशी हाय." मी पुढं झालो तसा त्यानं काठीनं ढकललं. मातीत पडलो, आणि तिथनंच ओरडलो, "आज लेकराचा पयला वाढदिवस हाय. पाच चुलींचं मागायचंय. तुमच्या भ्यानं वाडीत चूल पेटली न्हाई. पाचवी कुठनं आणू?"

तो पाठ फिरवून निघून गेला.

परत आलो तर आक्काची सासू माझ्या अंगावरची माती बघून म्हणाली, "पावणं, पत्रक छापा की आता. दगडूला चूल पायजे म्हणून." मी म्हटलं, आपल्याच चुलीला पाचवी धरा, कोण बघतंय. आक्का म्हणाली, "मी बघतीया की." मग ती ओढ्याकडं तोंड करून बसली आणि योगाईशी बोलावं तसं पुटपुटली, "आई, मला येत हुतं तेवढं केलं. आता तुजं तू बघ."

ऊन उतरलं. कणकेचा दिवा तयार होता, पण ती तो लावीना. तेवढ्यात ओढ्यातून कुणीतरी येताना दिसलं. तोच चपराशी. कमरेचा सरकारी पट्टा काढून ठेवलेला, डोक्यावर नमाजाची टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. माझी मूठ वळली.

तो माझ्याकडं न बघता आक्काला म्हणाला, "बाई, ही साहेबाच्या चुलीची न्हाई. तंबूमागं मी माझी येगळी पेटवतो. चालत आसंल तर घ्या."

"ह्याच्या हातचं घ्यायचं?" मी म्हटलं. "ह्यानंच बैल नेलेत."

"नेलेत," तो म्हणाला. "बैल माझ्या हातात न्हाईत. भाकर हाय."

सासू चाचरली, "पर मुसलमानाची चूल..."

"आत्याबाई, मी आईला परक्या चुली म्हणलतं. कुणाच्या, ते न्हवतं म्हणलं," आक्का म्हणाली आणि तिनं पदर पसरला.

त्यानं लेकराचं नाव विचारलं. दगडू, ऐकून तो हसला. "माजा फकीऱ्या हाय घरी. त्याच्या आईनं बी असंच दारोदार मागून वाढिवलाय." आक्कानं तुकडा गुळाला लावून दगडूच्या तोंडात घातला. भाकर अजून गरम होती. मग दिवा लागला, लेकराला ओवाळलं, आणि आक्का इतक्या मोठ्यानं रडली की दाजींनी तोंड फिरवलं.

माझा राग गेला नाही. दुसऱ्या दिवशी आमचेच बैल साहेबाचं सामान घेऊन योगाईला निघाले आणि परत आले ते खांदे सोललेले. आम्ही उशिरा पोचलो, माझ्या मांडीवर जावळ निघालं. देवीपुढं मी हात जोडले आणि मनातल्या मनात भांडलोही. बेगार मोडेपर्यंत पत्रकं वाटणार, हेही तिला सांगितलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी मी केलेल्या भाषणातलं एक अक्षर त्या माणसाला लागलं नाही. मातीत पडून ओरडलो तेवढंच त्याच्यापर्यंत पोचलं, आणि ते भाषण नव्हतंच. ते आक्काचं मागणं होतं, माझ्या तोंडून निघालेलं. शरण जाणं म्हणजे साहेबापुढं वाकणं, असंच मी धरून चाललो होतो. आक्का कुणापुढं वाकली नाही. तिनं पदर पसरला, आणि त्यात कुणी घालावं हे ठरवण्याचा हट्ट सोडला.

दगडू आता धावतो. दर वाढदिवसाला आक्का चार चुली स्वतः मागते आणि पाचवीसाठी दार उघडं ठेवून बसते. अजून एकदाही ती रिकामी उठलेली नाही. देव नेमकं काय करतो, मला माहीत नाही. दर वर्षी त्या दिवशी मी आक्काच्या दाराशी, तिच्याशेजारी बसतो, एवढं खरं.